ती बास्केट कुणी पाहिली?

टेलरबाईंचं आणि खेळांचं कधी जमलं नाही. माणसानं घामाघूम होऊन एक चेंडू इकडून तिकडे न्यायचा आणि दुसऱ्यानं तोच पुन्हा तिकडून इकडे आणायचा, यात कुणाचं काय भलं होतं, हे त्यांना उभ्या जन्मात कळलं नव्हतं. तेवढ्या वेळात चार पँटी खालून दुमडल्या असत्या तर चार माणसं नीट चालली असती, असं त्यांचं म्हणणं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं. नवे कपडे त्या शिवत नसत. लोकांचे जुने कपडे सैल करायचे, घट्ट करायचे, उसवलेलं शिवायचं, बिघडलेली चेन बदलायची, एवढंच काम. "माणूस सुटतो, कापड बिचारं आहे तेवढंच राहतं," हे वाक्य जाड झालेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकायला त्या कचरत नसत. गिऱ्हाइकं हसायची आणि पुन्हा यायची.

खेळाचं वेड होतं ते त्यांच्या नवऱ्याला. नवऱ्याला सगळे पेंटर म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तरुणपणी त्यांना गावातल्या कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलचं काम मिळालं. नव्या लाकडी जमिनीवर रेघा मारायच्या होत्या. पेंटरनी गुडघ्यांवर रांगत सगळं मैदान आखलं आणि पहिल्या सामन्याला आपणहून जाऊन बसले. सामन्यासाठी नाही, रेघांच्या काळजीनं. मुलांचे बूट रेघेवर घासले की हे जागेवरून अर्धे उठायचे. पण कधीतरी त्यांची नजर जमिनीवरून वर गेली, चेंडूवर बसली, ती बसलीच. ज्यांनी शाळा धड पुरी केली नाही ते पेंटर त्या दिवसापासून "आमचं कॉलेज" म्हणू लागले.

आता हे आमचं कॉलेज म्हणजे हरणं पाचवीला पुजलेलं. दर वर्षी कॉलेजांची मोठी स्पर्धा व्हायची, यांचा संघ धडपडत तिच्यात जायचा आणि पहिल्याच फेरीत मार खाऊन घरी यायचा. पेंटरसारखे जे पंधरावीस चाहते होते ते चहा प्यायचे, पंचाला शिव्या द्यायचे आणि पुढच्या वर्षाच्या गोष्टी करायचे. बाई म्हणायच्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." पेंटर म्हणायचे, "अंगण मी आखलंय, ते वाकडं असणं शक्य नाही."

मग काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. पाट्या बंद झाल्या. पहिलं वर्ष तर पेंटर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. भिंत दिसत नव्हती, तरी तोंड तिच्याचकडे. बाई जेवायला हाक मारायच्या, ते यायचे, दोन घास खायचे आणि पुन्हा भिंतीकडे. त्या वर्षाची आठवण निघाली की बाईंच्या तोंडचं पाणी पळायचं. मशीनपाशी बसून त्यांनी तेव्हा किती वेळा डोळे पुसले असतील ते त्यांनाच माहीत.

त्यातून पेंटरना बाहेर काढलं त्यांच्या दोस्तानं. हा दोस्त एका दवाखान्यात कंपाउंडर होता. एके दिवशी त्यानं यांना हाताला धरून हॉलमध्ये नेलं, शेजारी बसवलं आणि सगळा सामना कानात सांगितला. पेंटर घरी आले ते बोलतच. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. खेळाचे बाईंवर उपकार झाले ते असे. पण कबूल करतील तर त्या बाई कसल्या!

या वर्षी ती मोठी स्पर्धा नेमकी यांच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये भरणार होती, आणि नेमका कंपाउंडर न्हाणीघरात घसरून कमरेचं हाड मोडून बसला. पहिल्या फेरीत गाठ पडली होती गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी. पेंटर म्हणाले, "राहू दे. तसंही हरायचंच आहे." आणि खाटेवर आडवे होऊन त्यांनी कूस बदलली, भिंतीकडे.

बाईंनी ते पाहिलं आणि हातातली पँट तशीच मशीनवर टाकली.

"उठा," त्या म्हणाल्या. "मी येते."

"तू? तुला त्यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. पण डोळे आहेत ना मला? जे दिसेल ते सांगेन. शर्ट बदला, कॉलर मळलीय."

हॉलमध्ये शिरल्यावर बाईंची पहिली काही मिनिटं आ वासण्यातच गेली. हे असलं काही आपल्या घरापासून दोन वळणांवर आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती. केवढं उंच छत, केवढे दिवे, आणि खाली लाकडाची जमीन अशी चकाकत होती की तिच्यावर पाय ठेवायचा धीर होऊ नये. मुलं आली तेव्हा तर त्यांनी पेंटरचा दंडच धरला. "अहो, ही मुलं आहेत की शिड्या? यांना कपडे कोण पुरवतं?"

"चेंडू कुठाय ते सांग," पेंटर म्हणाले.

सामना सुरू झाला आणि बाईंचं सांगणंही सुरू झालं. खेळाडूंची नावं त्यांना माहीत नव्हती, मग त्यांनी आपल्या धंद्यातून नावं काढली. "चेंडू आपल्या लांबड्याकडे. त्याची पँट कमरेत ढगळ आहे, सारखा ओढतोय. त्यानं दिला त्या उसवलेल्याला."

"कोण उसवलेला?"

"तो हो, बारीकसा. बंडी काखेत उसवलीय त्याची. घरी कुणाचं लक्ष नाही वाटतं. तो चालला... समोर त्यांचा परीटघडीवाला आलाय आडवा... गेला! त्याच्या बगलेखालून गेला! हे असं जाता येतं?"

"जाता येतं. पुढे?"

"पुढे टाकला वर. कड्याला लागून बाहेर. मेला!"

मागच्या रांगेत एक म्हातारे पोस्टमन बसले होते. ते पुढे वाकून ऐकू लागले. मग त्यांच्या शेजारची दोन माणसं. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "बाई, जरा मोठ्यानं बोला हो, आम्हालाही ऐकू द्या." डोळे शाबूत असलेली माणसं समोरचा खेळ सोडून बाईंच्या तोंडून खेळ ऐकत होती. दुसऱ्या भागात उसवलेल्यानं लागोपाठ बास्केट मारल्या तेव्हा अख्खी बाजू "उसवलेला! उसवलेला!" म्हणून ओरडायला लागली. त्या पोरानं चमकून वर पाहिलं, मग काखेत पाहिलं. पेंटर पोट धरून हसत होते.

पण बाई आता हसत नव्हत्या. त्यांना काहीतरी झालं होतं. आपल्या लांबड्यानं मघाशी उडी मारली होती आणि तो वर हवेत थांबला होता. खरंच थांबला होता. एवढा थोरला देह, आणि वजनच नसल्यासारखा. "अहो, तो खाली येतच नाहीये हो," एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या. त्यानंतर ढगळ पँटी, इस्त्री, शिवण हे सगळं त्यांच्या बोलण्यातून गळून पडलं. त्या नुसतं जे दिसतं ते सांगू लागल्या, भराभर, श्वास न घेता, आणि आपण इतकं बघू शकतो याचंच त्यांना नवल वाटत होतं. विजेते पुढे जायचे, आमचं कॉलेज त्यांना गाठायचं. ते पुन्हा पुढे, हे पुन्हा मागोमाग. हॉलमधल्या माणसांना कळेना की हे आपल्याच कॉलेजचं चाललंय का. नेहमी शिव्या देणारे चाहते हात जोडून बसले होते.

शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आमचं कॉलेज एका गुणानं मागे होतं. चेंडू उसवलेल्याकडे आला. "मोठी वाकडी रेघ आहे ना, तिच्या बाहेर उभा आहे," बाईंनी सांगितलं. "समोर दोघं आहेत. चेंडू आपटतोय. आपटतोय. थांबला." आणि एवढा मोठा हॉल एकदम गप्प झाला. कुणी खोकलंसुद्धा नाही.

पेंटर उठून उभे राहिले. काठी मांडीवरून खाली पडली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पुढचं सांगायला बाई त्यांच्याकडे वळल्या, आणि त्यांची नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावर पडली, ती तिथून हललीच नाही. तोंडात आलेला शब्द तोंडातच राहिला. समोर चेंडू सुटला असेल, वर गेला असेल, सगळं गाव त्याच्याकडे बघत असेल. बाई मात्र बघत होत्या पेंटरकडे.

मग जो आवाज झाला त्यानं बाकडी हादरली. पोस्टमन रडत होते. एक परका माणूस बाईंच्या गळ्यातच पडला आणि मग माफी मागत सुटला. जिंकलो, जिंकलो, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता, जणू सांगितल्याशिवाय ते खरं ठरणार नव्हतं.

"अगं, कसा गेला?" पेंटरनी बाईंचा हात घट्ट धरला. "सांग ना! सरळ गेला? कड्याला लागला?"

"गेला म्हणजे... गेला," बाई म्हणाल्या.

"पण कसा?"

"छान गेला."

पेंटरचा हात सैल झाला. "तू पाहिलं नाहीस," ते म्हणाले.

"पाहिलं ना. एवढी गर्दी, एवढा गोंधळ..."

"असू दे."

ते असू दे बाईंच्या काळजात रुतून बसलं. ज्या माणसानं निम्मं आयुष्य त्या कॉलेजचं हरणं पाहिलं, त्याला जिंकणं बघायला आपण डोळे दिले, आणि ऐन वेळी ते काढून घेतले. तेही कशासाठी, तर सांगायची लाज वाटावी अशा कारणासाठी! या वयात नवऱ्याचं तोंड बघत बसले होते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? घरी आल्यावर पेंटर रागावले नाहीत. दोन घास खाल्ले, बरं झालं जिंकले म्हणाले आणि खाटेवर आडवे होऊन भिंतीकडे वळले. एखादं भांडण झालं असतं तर बाईंना परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलंच नाही. पिशवी घेतली आणि बास्केट शोधायला निघाल्या. कुणीतरी तर ती नीट पाहिली असेल!

गाव ओळखू येत नव्हतं. माणसं रस्त्यात थांबून एकमेकांकडे बघत होती आणि मान हलवत होती. ज्यांना बास्केटबॉल गोल असतो एवढंच माहीत, तीही "आपण" म्हणून बोलत होती. बँकेसमोर दोन अनोळखी माणसं हातानं हवेत चेंडू टाकून दाखवत होती. न्हाव्याच्या दुकानात तर सभाच भरली होती. न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला, "बाई, चेंडू कड्यावर तीनदा फिरला. तीनदा! मी मोजलं. मग विचार करून आत पडला." खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून म्हणालं, "अरे, तू काल माझीच दाढी करत होतास." न्हावी म्हणाला, "म्हणून काय झालं? डोळ्यांसमोर आहे माझ्या."

पोस्टमननी शपथेवर सांगितलं की चेंडू आधी मागच्या फळीवर आपटला आणि मग पडला. शेजारची शिक्षिका म्हणाली, कशालाच लागला नाही, नुसती जाळी हलली. तिच्या नवऱ्याच्या मते जाळीसुद्धा हलली नाही. बेकरीवाल्यानं तर फोनच पुढे केला. "ऐकीव कशाला, हे घ्या, बघाच." बाईंनी श्वास रोखून पाहिलं. उसवलेला दिसला, दोन आडवे आलेले दिसले, चेंडू हातातून सुटला, आणि मग दिसलं छत. दिवे, तुळया, पुन्हा छत. बेकरीवाल्यानं नेमकी तेव्हाच उडी मारली होती.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"माझाही जीव आहे हो," बेकरीवाला ओशाळून म्हणाला.

बाई घरी आल्या तेव्हा दुपार होत होती. दुसऱ्या फेरीचा सामना त्याच दिवशी होता आणि खिडकीखालून माणसं आतापासूनच हॉलकडे निघाली होती. पेंटर खाटेवर तसेच होते. बाईंनी खुर्ची ओढली आणि मागून, त्यांच्या पाठीलाच सगळं सांगायला सुरुवात केली. न्हाव्याचे तीन फेरे सांगितले, पोस्टमनची फळी सांगितली, नवराबायकोची जाळी सांगितली. पेंटर हलले नाहीत. बेकरीवाल्याचं छत आलं तेव्हा मात्र पाठ हलायला लागली. मग ते हसत हसत उताणे झाले.

"ऐकावं ते नवलच," ते डोळे पुसत म्हणाले. "एवढ्या डोळस माणसांनी पाहिलं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. मीच बरा म्हणायचा." हसू ओसरलं. "आता तुझं सांग. तू काय पाहिलंस?"

"सांगितलं ना सगळं."

"हे लोकांचं झालं. तू काय बघत होतीस?"

बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला."

पेंटरनी बाईंच्या आवाजाकडे मान वळवली.

"तुम्ही उठलात ना, तेव्हा वळले मी, पुढचं सांगायला. आणि राहूनच गेलं. चेंडू मी पाहिलाच नाही. तुमची बास्केट घालवली मी. चूक झाली माझी." आणि गावाला तोंडावर बोलणाऱ्या त्या बाईंना रडू फुटलं.

"माझ्यात काय बघायचंय?" पेंटर म्हणाले. त्यांनी हात वर नेऊन स्वतःच्या गालावरून फिरवला, हनुवटीवरून, कपाळावरून. तो चेहरा त्यांनी शेवटचा कधी पाहिला होता, ते त्यांना आठवत नव्हतं. तेव्हा केस काळे होते. "कसा दिसत होतो?"

"तोंड उघडं होतं," बाई नाक पुसत म्हणाल्या. "पडलेल्या दाताची जागासुद्धा दिसत होती. मान वर होती. हात असे पुढे. आणि डोळे... डोळे बरोबर त्या कड्यावर. इकडे नाही, तिकडे नाही. मला वाटलं, यांना दिसतंय. मी आता बोलले तर ते जाईल, म्हणून बोलले नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी ओरडलं, "उसवलेला!" आणि दहा जणांनी त्याला उत्तर दिलं. सामन्याची वेळ होत आली होती.

"चला, उशीर होईल," बाई उठत म्हणाल्या.

"होऊ दे." पेंटर उठून बसले. त्यांनी पाय खाली सोडले आणि चाचपडत बाईंचा हात धरून त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. "परत सांग. सावकाश. मी उठलो तिथपासून."

बाईंनी खुर्ची त्यांच्या अगदी समोर घेतली. "तुम्ही उठलात," त्या म्हणाल्या, "काठी पडली, पण तुमचं लक्ष नव्हतं..." पेंटरची मान हळूहळू वर झाली, तोंड उघडलं, आणि बाईंना समोर तोच चेहरा दिसला. या वेळी मात्र त्या बोलायच्या थांबल्या नाहीत.